यंदा म्हाई नाही

५ जानेवारी, रविवार
सकाळी भांडी घासता घासता सुरेशचा फोन. धाकट्या भावाचा फोन महिन्याच्या सुरुवातीला आला की कशासाठी ते मला आधीच कळतं. आधी माझ्या गुडघ्याची चौकशी, मग ह्यांच्या बीपीची. मग, "आक्का, पगार झाला की लगेच देतो."
ठेकेदार पगार करतो दहा-बारा तारखेला. सुरेशचा खिसा रिकामा होतो त्याच्या कितीतरी आधी. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत फाउंड्रीत आहे, इतकी वर्षं झाली तरी कंत्राटावरच. दर एप्रिलला नवं कंत्राट, दर एप्रिलला तीच धाकधूक.
या वेळी मी म्हणाले, असे नुसते देणार नाही. वैशालीला घेऊन ये, बसू, खर्च बघू.
"मास्तरीण झालीस की गं," म्हणाला.
मास्तरीण नाही, कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे. पण झाले म्हणायला काय हरकत आहे.

१२ जानेवारी, रविवार
दोघं आली. पोरीला शेजारी ठेवून. वै. नं घरचे तांदूळ आणले, तिच्या माहेरचे, शाहूवाडीचे. उसने मागायला येतानाही रिकाम्या हाती येत नाहीत ही माणसं.
खरी गोष्ट आज कळली. मोटरसायकलचे हप्ते थकलेत. फायनान्सची पोरं दारात येऊन आवाज चढवून गेली. गाडी ओढून नेली तर नाइट शिफ्टला जायचं कसं? त्या वेळी गावातून एसटी नाही. शिफ्ट चुकली की खाडा, आणि खाडेवाल्याला एप्रिलच्या यादीत कोण घेतो? म्हणजे गाडी राहिली तर नोकरी राहिली. सु. नखं कुरतडत बसला होता. लहानपणीची सवय.
मी एकेक खर्च विचारत गेले. गॅस, शाळा, रिचार्ज, दूध. तिथे कापण्यासारखं काहीच नव्हतं, हे मान्य करायला मला जड गेलं. मग भिशीवर आलो. गेल्या वर्षी भिशी कशासाठी उचलली? दोघं एकमेकांकडे बघायला लागली.
म्हाईसाठी.
गावच्या देवीची म्हाई. बोकडात वाटा घ्यायचा, अख्खी शिफ्ट जेवायला बोलवायची, येईल त्याला वाढायचं. एका दिवसाचं जेवण आणि वर्षभर त्याची फेड. मला संताप आला. मी सरळ अट घातली. थकलेले हप्ते मी भरते, पण यंदा म्हाई नाही.
"गावात घरोघरी चूल पेटणार आणि आमच्यात न्हाय?"
"पेटव की. तिघांपुरती."
"तशी म्हाई नसती आक्का."
वै. जाताना पिशवी घडी करत बसली, उगीचच, बराच वेळ.

१३ जाने.
रात्रभर आईच डोळ्यासमोर. म्हाईच्या दिवशी चुलीसमोर बसून लाल झालेली. अण्णा बाहेर पंगतीत फिरून आग्रह करायचे. मार्केट यार्डात पोती उचलणारा माणूस, त्या दिवशी राजा असायचा. आम्ही पोरं सगळ्यात शेवटी. तोवर पातेल्यात नुसता रस्सा. मी एकदा रडले तर आई म्हणाली, पावण्यांनी खाल्लं ते आपल्यालाच लागतं. मला कधी लागलं नाही.
नंतरचे पंधरा दिवस आई उधारीवर मीठ-मिरची आणायची. तेव्हाच ठरवलं होतं, माझ्या घरात असलं काही होणार नाही. झालं नाही. फ्लॅटचं कर्ज फिटलं, कुणाचं देणं नाही. आणि जेवायला येणारंही कुणी नाही, हे आज लिहिताना सुचलं. असो.

२ फेब्रुवारी, रविवार
हप्ते भरले. पावतीचा फोटो सु. ला पाठवला. त्यानं हात जोडल्याचं चित्र पाठवलं.
संध्याकाळी फोन केला. सगळ्यांना सांगितलंस का?
"सांगतोय एकेकाला."
मी विचारलं, ज्यांना जेवू घालतोस ते तुझी अडचण असली की येतात का?
"येतात की."
इतकंच म्हणाला. कसे येतात, कधी आले, मी विचारलं नाही. कुकरची शिट्टी झाली म्हणून फोन ठेवला.
हे म्हणतात, "तू त्याचं बजेट मांडलंस, आता सरकारचं पण मांड." बोलण्यात ह्यांचं काय जातंय.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
आज म्हाई. अर्धा दिवस रजा टाकून गावी गेले. पहारा द्यायला चाललीस, असं हे म्हणाले. खोटं नव्हतं.
गल्लीभर मसाल्याचा वास. प्रत्येक दारात चपलांचा ढीग. आमच्या दारात तीनच जोड. वै. नं वरण-भात, बटाट्याची भाजी केली होती. पोरगी दारात उभी राहून समोरच्यांकडचे पावणे बघत होती. मी तिला आत बोलावलं.
दुपारी दोन मोटरसायकली येऊन थांबल्या. सुरेशचा सुपरवायझर. कागदावर सुपरवायझर, पण तिथे सगळे मुकादमच म्हणतात, सुरेश त्यांना तात्या म्हणतो. बरोबर आणखी तिघं. त्यांना निरोप पोचलाच नव्हता. की सु. नं मुद्दाम सांगितलं नव्हतं, कोण जाणे. दर वर्षीसारखे आले, चपला काढल्या, हातपाय धुऊन भिंतीला टेकून बसले.
वै. नं चहा ठेवला. भडंग पुढे केलं.
मुकादम हसून म्हणाले, "काय सुरेश, यंदा भडंगावर भागवतोयस व्हय?"
सु. पण हसला. "यंदा जरा अडचण हाय तात्या."
"कसली रं अडचण? सांगायचं न्हाय व्हय?"
सु. नं माझ्याकडे बघितलं. त्याला वाटलं असेल, आक्का काहीतरी सावरून घेईल. घरात आजारपण, सुतक, काहीही. मी म्हणाले, "मीच नको म्हटलं. गाडीचे हप्ते थकलेत, घरात पोरगी आहे. कर्ज काढून जेवणं कशाला घालायची?"
चौघांनीही खाली बघितलं. मुकादमांनी कप ठेवला. "बरोबर हाय आक्का तुमचं," म्हणाले. "लई बरोबर हाय." भडंगाला कुणी हात लावला नाही. पाच मिनिटांत उठले.
सु. त्यांना सोडायला कोपऱ्यापर्यंत गेला, तो अंधार पडेस्तोवर आला नाही.
एसटीत बसल्यावर मला बरंच वाटत होतं. कुणीतरी हे कधीतरी बोलायलाच हवं होतं, असं वाटत होतं. खरं तेच लिहिते आहे.

९ मार्च, रविवार
या महिन्यात सु. चा फोन नाही. ह्यांना अभिमानानं सांगितलं, बघा, बसली ना घडी.
हे पेपर वाचत होते. म्हणाले, "फोन तर माझ्या मित्राच्या पोराचाही येत नाही. तो दुबईत आहे, बापावर रुसून."


१ एप्रिल, मंगळवार
ऑफिसात मार्चअखेरची आवराआवर, त्यात वै. चा फोन. ती कधी कामाच्या वेळी करत नाही.
ठेकेदार बदलला. नव्यानं निम्मीच माणसं ठेवली. नावं मुकादमांनी द्यायची होती. यादीत सु. नाही.
"एकबी खाडा न्हाय हो आक्का ह्यांचा," एवढंच म्हणाली.
गाडी दारात आहे, हप्ते भरलेले आहेत, आणि जायला ठिकाण नाही.

३ एप्रिल
गावी जाऊन आले. सु. घरात नव्हता. जोतिबाला यात्रेच्या आधी नारळ-गुलालाची दुकानं लागतात, तिथे मंडप उभारायला रोजंदारीवर गेलाय. वै. एकटी होती. गव्हातले खडे काढत होती. मीही सूप ओढून घेतलं. हात चालू असले की बोलणं सोपं जातं.
मी विचारलं, मुकादमानं राग धरला का?
"न्हाय हो. राग धरला असता तर बरं झालं असतं. ह्यांनीच तोंड चुकवायला सुरुवात केली. म्हाईपासनं डबा एकटंच खायचे. चहाला जायचे न्हाईत. तात्या समोरनं आले की मशीनमागं. लाज वाटायची त्यास्नी. चौघांत हप्त्याचं निघालं ना."
मी गहू पाखडत राहिले.
मग ती सांगत गेली. मागच्या साली तिच्या पोटाचं ऑपरेशन झालं. तेव्हा मी सफरचंदं घेऊन गेले होते, तासभर बसून आले होते. पैशाचं कसं केलंत विचारलं होतं, "झालं सगळं" म्हणाली दोघं, मी खूश. झालं होतं ते असं: शिफ्टमधल्या दोस्तांनी आळीपाळीनं सुरेशच्या नाइट मारल्या, स्वतःची शिफ्ट करून वर. हजेरी सुरेशच्या नावावर. मुकादमांनी बघून न बघितल्यासारखं केलं. पगारातला एक दिवस कापला गेला नाही. बशीर वेल्डरनं रक्त दिलं. त्याच्या आईनं आठ दिवस डबा पाठवला.
"हे तुम्ही मला सांगितलं का नाही?"
"तुमी फुडं काय विचारलं न्हाय की."
तिनं ते दुस्वासानं म्हटलं नाही. तिच्या स्वभावात दुस्वास नाही. त्यामुळे जास्तच लागलं.

४ एप्रिल
दिवसभर स्वतःशी भांडण. निम्मी माणसं गेली, त्यातल्या किती जणांनी मुकादमाला जेवू घातलं असेल? आणि बशीरकडे म्हाई नसते, तो कुणाला जेवायला बोलवत नाही, तरी यादीत त्याचं नाव आहे. मग माझा काय दोष?
हे ह्यांना सांगितलं. म्हणाले, "वेल्डर आहे तो. वेल्डरला कोण काढतं?"
सुरेश साचे भरतो. साचे कुणीही भरू शकतं.
कर्ज काढून जेवण घालू नये, हे अजूनही मला पटतं. उद्या कुणी विचारलं तर तेच सांगीन. पण मी चौघांसमोर का बोलले? गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं? मला सुरेशला वाचवायचं नव्हतं, जिंकायचं होतं. अण्णांवरचा राग त्याच्या पावण्यांवर काढला. आणि ते बिचारे हातपाय धुऊन बसले होते.

६ एप्रिल, रविवार
ह्यांच्या स्कूटरवर मागे बसून कागलला मुकादमांच्या घरी. सु. ला न सांगता. हे बाहेरच थांबतो म्हणाले, पण मुकादमांच्या बायकोनं ओढूनच आत नेलं.
साधं घर. दारात म्हैस. माणूस मी समजत होते तसा नाही. मला बसायला खुर्ची दिली, स्वतः पायरीवर.
मी सांगायला सुरुवात केली, त्या दिवशी मी बोलायला नको होतं...
"ऱ्हाऊ द्या हो आक्का. तुमी चुकीचं कुठं बोलला? माझ्या घरात बी हीच बोंब हाय."
मग म्हणाले, "नाव मी काय पुसलं न्हाय त्याचं. खरं सांगू? ठेकेदार गाडीत बसूनच म्हणाला, नावं दे, आत्ता दे. काम सगळ्यांचं सारखंच. मग जे डोळ्यासमोर हुतं ते तोंडात आलं. सुरेश दीड म्हयना डोळ्यासमोर नव्हताच. घरी आल्यावर जेवताना आठवला. घास खाली उतरला न्हाय माझा. पण तवा यादी गेलती."
नव्या लाईनसाठी दोन आठवड्यांनी आणखी काही माणसं घेणार आहेत. वचन देत नाही म्हणाले. "त्याला म्हणाव, घरी ये एकदा. तोंड तर दाखव."
म्हशीचं धारोष्ण दूध दिलं. नको म्हणवलं नाही. हे दोन पेले प्यायले.

७ एप्रिल
सु. चा फोन. पहिल्यांदाच माझ्यावर ओरडला.
"तू कशाला गेलतीस? मी सांगितलंतं तुला?"
मी म्हणाले, ते चांगले आहेत, तू जा, बोलवलंय तुला.
"काय तोंडानं जाऊ? दारात आलेल्या माणसाला मी उपाशी लावून दिलाय. आता नोकरी मागायला त्याच्याच दारात जाऊ?"
मी म्हणाले, मी चुकले सुरेश.
 मग हळू म्हणाला, "तू चुकलीस असं न्हाय आक्का. माझ्यातच दम न्हवता. तुला तवाच न्हाय म्हणायला पायजे हुतं मी. तुझं पैसं पायजे हुतं, म्हणून गप बसलो."
फोन ठेवल्यावर गॅलरीत जाऊन उभी राहिले. खाली पोरं क्रिकेट खेळत होती. मी रडत होते आणि "काकू, बॉल द्या" म्हणून खालून त्यांचा ओरडा चालू होता. बॉल दिला.

१३ एप्रिल, रविवार
काल जोतिबाची यात्रा झाली. सु. तिथे दहा दिवस होता, गुलालानं कपडे अजून गुलाबी. रोजंदारीचे पैसे मिळाले, आठवडा निघेल म्हणते वै. सोमवारपासून पुन्हा काही नाही.
मी वै. ला म्हणाले, एक जेवण घालू या. माझ्या पैशानं. पुढच्या रविवारी. मुकादम, बशीर, सगळी शिफ्ट. बोकडच आणू. माझं देणं समज.
ती चपाती लाटत होती. लाटणं थांबलं.
"नको आक्का."
"अगं, कर्ज नाही काढायचं. मी देते."
"पैशाचं न्हाय हो. आता जेवाण घातलं तर ते नोकरीसाठी घातल्यासारखं हुईल. आमी तसं कदी घातलं न्हाय."
मग तव्यावरची चपाती उलटून म्हणाली, "तुमास्नी वाटलं असंल आमी तात्याला खूश करायला बोलवतोय. तो बी येतो, कचरा न्हेणारी शांता बी येती. सगळी येत्यात. म्हाई हाय म्हणून येत्यात."
मला तसंच वाटलं होतं. आधी वाटलं, उधळपट्टी आहे. नंतर वाटलं, ओळखीपाळखीचा खर्च आहे, करायला हवा होता. दोन्ही वेळा मी किंमतच लावत होते.
पोरीच्या शाळेची फी मी भरू का विचारलं. वै. म्हणाली, ह्यास्नी इचारते. आधी असं म्हणायची नाही. आधी हो म्हणायची.

१७ एप्रिल, गुरुवार
सु. ला मेसेज केला, जाऊन ये एकदा. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.
ऑफिसात कशातच लक्ष नाही. दोन बोनाफाइडवर चुकीचे शिक्के मारले. शिपाई म्हणाला, मॅडम तुम्ही? आणि चुकीचा शिक्का?

२० एप्रिल, रविवार
आज गेला. वै. नं सकाळीच कळवलं, निघालेत म्हणून. मी तिला म्हणाले होते, पेढे दे बरोबर. त्यानं नेले नाहीत. नवी यादी उद्या लागणार.
दिवसभर फोनकडे बघत होते. ह्यांनी दोनदा चहा केला. माझ्या मनात काय चाललं होतं ते लिहायला लाज वाटते. नाव लागू दे असं देवाला म्हणत होते, आणि त्याच वेळी वाटत होतं, नाव लागलं तर माझी सुटका होईल. म्हणजे तिथेही माझंच.
संध्याकाळी फोन. वै.
"आले का?"
"आले आत्ताच."
"काय म्हणाले मुकादम?"
"बघतो म्हणाले. दोन तास बसवून घेतलं. लई बोलले म्हणं. म्हैस दाखवली, पोराचा रिझल्ट दाखवला."
"मग चांगलंच की."
"व्हय." मग म्हणाली, "तात्यांच्या मंडळींनी ताट वाढलं आक्का. मटण केलतं, हे येणार म्हणून. ह्यांनी खाल्लं न्हाय."
"का?"
"जोतिबाचा रविवार हाय, उपास हाय म्हणाले. त्यांनी मग शाबूची खिचडी करून घातली. ती खाल्ली."
मागे नळ वाहत असल्याचा आवाज येत होता. सु. हातपाय धूत असावा. मी वै. ला विचारलं, आता काय करतोय?
"जेवायला बसत्यात. सकाळचं वाळल्या मासळीचं कोरड्यास हाय, सुक्कटीचं, ते गरम केलंय."